सुसरीचे दात

रविवार, ४ मे २०२५

साखर कारखान्याच्या भांडारात सत्तावीस वर्षे काढल्यामुळे, ज्या वस्तूची आवक नोंदलेली नाही ती वस्तू आलीच नाही असे मानण्याची मला सवय जडली आहे. म्हणून आजची आवक प्रथम लिहितो : बर्फावर चालणारी गाडी, नग एक, जुनी, हिरवी, पुढे चाकांऐवजी दोन पाट्या, मागे रुंद रबरी पट्टा. आवक ठिकाण : रामप्रसादचा तांडा. तापमान बेचाळीस अंश.

रामप्रसाद आमच्या कारखान्याचा फिटर. कारखाना बंद पडल्यावर मी शिरड शहापुरात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवू लागलो आणि तो तांड्यावर शेती पाहू लागला. एकोणीस महिन्यांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून दर मंगळवारी व शुक्रवारी हिंगोलीला डायलिसिस. अडचण पावसाळ्याची आहे. तांड्यापासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर तीनशे मीटर : अगोदर काळी चिकण जमीन, मग ओढा, आणि शेवटी एकशे चाळीस मीटरचा कातळी चढ. त्या कातळावर चिखलाचा पातळ थर बसला की बैलाचाही पाय ठरत नाही. गेल्या वर्षी ट्रॅक्टर त्या चढावरून मागे घसरून ओढ्यात गेला. रस्ता मंजूर आहे. परंतु मंजुरीला चाके नसतात. त्या पावसाळ्यातल्या चौतीस पाळ्यांपैकी अकरा चुकल्या, आणि दोनदा त्याला बाजेवर घालून चौघांनी नेले. असा आणखी एक पावसाळा हे शरीर काढणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले आहे.

गाडी त्याच्या धाकट्या भावाने, शंकरसिंगने आणली. तो लष्करात चालक होता. नंतर डोंगरातल्या एका हॉटेलात पर्यटकांना बर्फावरून फिरवत असे. हॉटेलने मोडीत काढलेली गाडी त्याने मालट्रकवर घातली आणि चार दिवस तिच्यावरच झोपून आला.

“शंकर, येवढ्या लांबून हे काय आणलं रे? इथं बरफ कुठं हाय?” त्याच्या आईने, पारुबाईने विचारले.

“चिखल हाय ना याडी. बरफ काय अन् चिखल काय, पाय दोन्हीवर निसटते.”

पारुबाईने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचे चपटे तोंड पाहिले आणि म्हणाली, “सुसर हाय ही.” सगळा तांडा हसला. मी या नोंदींत ‘यंत्र’ असाच उल्लेख करीन.

रामप्रसाद बाजेवर पडून होता. काठी टेकत आला, उभा राहिला, मग खाली वाकला. दहा मिनिटांत त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. वाकण्याची त्याला परवानगी आहे की नाही, हे डॉक्टरांना विचारायचे राहून गेले आहे.

घरी आल्यावर माझी बायको करुणा म्हणाली, “अहो, चार महिने त्यांना आपल्याच घरी ठेवून घ्या ना. इथून हिंगोलीला जीप मिळते.” हे मी त्याला मार्चमध्येच सुचवले होते. त्याचे उत्तर : “पाव्हणा एक दिवस गोड, इस्टोरसाहेब. चार महिने तुमच्या घरी पडून राहिलो तर मी पेशंट झालो ना हो.” तो पेशंट आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

शुक्रवार, ९ मे

उपस्थिती तपासली. १८ एप्रिल, २५ एप्रिल व २ मे अशा तीन शुक्रवारी रामप्रसाद हिंगोलीला गेला नाही. कारणे अनुक्रमे : जीप चुकली, तांड्यावर लग्न होते, बरे वाटत होते. तिन्ही दिवशी रस्ता कोरडा होता. एका प्रकारच्या गैरहजेरीला तीन प्रकारची कारणे देणे हे शिस्तीला धरून नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

“तो कंटाळलाय हो,” करुणा म्हणाली. कंटाळा हा शब्द मी कोणत्याही नोंदवहीच्या कारणाच्या रकान्यात पाहिलेला नाही.

मंगळवारी व आज तो गेला. येताना दवाखान्याच्या फाइलच्या पाठीवर यंत्राच्या पट्ट्याची आकृती काढून घेऊन आला. हात नळीला जोडलेला असल्याने डाव्या हाताने काढली म्हणे. आकृती वाकडी आहे, मापे बरोबर आहेत.

रविवार, ११ मे

पहिली चाचणी. टँकरने कातळावर पाणी सोडले, वर काळ्या मातीचा काला पसरला आणि शंकरसिंगने यंत्र चढावर घातले. अकरा मीटरवर पट्टा जागच्या जागी फिरू लागला आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या सदऱ्यावर चिखल आला. निष्कर्ष पुरेसा स्पष्ट होता.

पट्ट्याची लांबी तीनशे एक्क्याण्णव सेंटिमीटर, रुंदी एक्कावन्न. त्यावरचे रबरी दाते बत्तीस मिलिमीटर, कडा झिजलेल्या. मऊ जमिनीत हे दाते पुरेसे आहेत. कातळावर मात्र रबर घसरणारच. तिथे चिखलाचा थर फोडून दगडाला धरणारे काहीतरी हवे. शंकरसिंग सांगतो की गोठलेल्या बर्फासाठी तिकडे पट्ट्याला भोके पाडून टोकदार पोलादी खिळे बसवतात. त्यांना स्टड म्हणतात. आतून चपटी वायसर, बाहेर टोक, आणि टोक रबरी दात्यापेक्षा सहा-सात मिलिमीटर पुढे.

प्रश्न टिकाऊपणाचा आहे. १ जून ते ३० सप्टेंबर पस्तीस पाळ्या. जाणे-येणे धरून सत्तर खेपा. एकूण एकशे एकसष्ट किलोमीटर. जो स्टड एकशे एकसष्ट किलोमीटर टोक न गमावता टिकेल, तोच घ्यायचा. प्रश्न असा नीट मांडला की त्याचे उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे.

रविवार, १८ मे

तीन प्रकारचे नमुने, प्रत्येकी सहा. पहिला : बाजारातला लोखंडी बोल्ट, लेथवर टोक काढलेला. दुसरा : पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेल्या पोलादाचा. तिसरा : मऊ पोलादाच्या दांड्यावर कार्बाइडचे टोक, पितळी झाळ देऊन बसवलेले, हे नांदेडच्या एका कारागिराने लेथच्या जुन्या हत्यारांची टोके कापून करून दिले. तिन्ही लोखंडी फळीला बसवून ट्रॅक्टरमागे कातळावरून पाच किलोमीटर ओढले आणि व्हर्निअरने मोजले.

लोखंडी बोल्ट ४.१ मिलिमीटर झिजला. पाणी दिलेला १.६, पण सहापैकी दोन टोकाशी तडकले. कार्बाइडचा ०.१, आणि तडकलेला एकही नाही. मी कार्बाइड निश्चित केला.

तडकलेले दोन रामप्रसादने हातात घेऊन पाहिले.

“पाणी जास्त झालं याला. पोलादाला बी मोजूनच पाणी लागते, इस्टोरसाहेब. माझ्यावानी.” त्याला दिवसाला पाऊण लिटरच पाणी चालते, तो बाटलीवर खुणा करून पितो.

“तुझं मोजमाप डॉक्टर करतात,” मी म्हणालो.

“व्हय. अन् पोलादाचं मी करतो. तुमी दोघायचं लिहून ठेवा.”

बऱ्याच दिवसांनी त्याने माझी अशी थट्टा केली. उन्हामुळे त्याला उत्साह असावा, असे मी घरी करुणाला सांगितले.

शुक्रवार, २३ मे

एकशे बारा स्टड तयार होऊन आले. मोजले, एकशे बारा भरले.

कारखान्याने रद्दीत काढलेली गेटपासची तीन पुस्तके माझ्याकडे आहेत. भांडारातून कोणताही माल फाटकाबाहेर जाताना हा पास लागत असे. त्याची रचना माझी. पास आणि स्थळप्रत यांच्यामध्ये टोचलेली छिद्ररेषा असावी, छिद्रांमधले अंतर समान असावे, म्हणजे पास एका झटक्यात, सरळ, कडेला धागाही न सुटता फाटतो, हे मी छापखान्याला तीन वेळा परत पाठवून शिकवले होते. त्याच पुस्तकातून आज रामप्रसादला पास दिला. मालाचे वर्णन : स्टड. नग : ११२. पासवर दोन प्रकार छापलेले असतात, ‘परत येणारा’ आणि ‘न परतणारा’. त्यांतल्या ‘न परतणारा’वर खूण केली. पास फाडला. रेघेवर तंतोतंत फाटला. अकरा वर्षांचा कागद आहे.

रामप्रसादने पास हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. “माझा बी एक फाडून ठेवा. न परतणारा.”

मी त्याला सांगितले की गेटपास मालाला लागतो, कामगाराला लागत नाही. तो म्हणाला, “व्हय, ते बी खरंच.” नियम त्याला पटला.

रविवार, २५ मे

स्टडची मांडणी. एकशे बारा स्टड, आठांची एक आडवी ओळ, अशा चौदा ओळी. दर अठ्ठावीस सेंटिमीटरला एक. तपासणीच्या वेळी कोणता स्टड कमी झाला हे एका दृष्टिक्षेपात कळावे, हा हेतू. पट्टा जमिनीवर अंथरून मी पट्टीने खडूच्या रेषा मारल्या आणि शंकरसिंग ड्रिलने भोके पाडू लागला.

पारुबाई शेजारी चोळीला कशिदा भरत बसली होती. नजर कमी झाली आहे, तरी बोटांनी मोजून भरते. म्हणाली, “भाऊ, एका लाईनीत नको टोचू. एक टाका पुढं, एक मागं घे. लाईनीत टोचलं की कपडा तिथूनच जाते.”

“माय, हे रबर आहे. आत दोऱ्यांचे दोन पदर आहेत,” मी समजावले.

“दोरा हाय म्हन्ते, अन् कपडा न्हाई म्हन्ते,” ती शंकरसिंगला म्हणाली, आणि दोघे हसले. तिच्या वयाचा व अनुभवाचा आदर ठेवून सूचना अमान्य केली. सायंकाळी चौदा ओळी पूर्ण झाल्या. इतकी देखणी मांडणी मी कारखान्यातही पाहिली नव्हती.

शुक्रवार, १३ जून

तीन दिवसांच्या संततधारेनंतर खरी चाचणी. शंकरसिंग चालवायला, मागे रामप्रसाद, अंगावर प्लॅस्टिकचा कागद. मी पायी, हातात हत्यारांची पेटी. पेटीत काय असावे याची यादी सतरा नगांची आहे. त्यात हात-ड्रिल, सुटे स्टड, वायसर, आणि कारखान्याच्या कन्व्हेअरच्या जुन्या पट्ट्याचा साठ बाय पन्नासचा तुकडा आहे.

काळ्या जमिनीत यंत्र संथ पण न थांबता गेले. ओढ्यात पाणी गुडघाभर होते. तेही पार झाले. मग कातळ. पहिले दहा मीटर मी पावलांनी मोजत मागून चाललो. मग स्टडचा आवाज आला, दगडावर घासणारा, कडकडीत, आणि यंत्र एकाही ठिकाणी न घसरता वर गेले. एकशे चाळीस मीटर, चार मिनिटे दहा सेकंद.

डांबरी रस्त्यावर जीप उभी होती. जीपवाल्या उत्तमरावांनी खाली उतरून यंत्राला हात लावला. “अरे बाप, गाडी हाय का जनावर?”

“सुसर हाय,” रामप्रसाद म्हणाला. “दात बघा तिचे. इस्टोरसाहेबांनी लावले.”

मी दुरुस्ती करणार होतो की दात मी निवडले, लावले शंकरसिंगने. पण जीप निघाली.

मंगळवार, २४ जून

काळी माती पट्ट्यात गोळा होऊन बसते आणि वजन वाढते. रामप्रसादने बसल्या बसल्या लोखंडी पट्टीची खरवडणी तयार करून पट्ट्याच्या मागे लावली. आता गोळे आपोआप पडतात. जूनमधल्या सातही पाळ्या झाल्या, एकही चुकली नाही.

मंगळवार, १५ जुलै

स्टडची झीज मोजली : ०.१ मिलिमीटर. निवड योग्य ठरली, हे आता निःशंकपणे लिहिता येते. एकशे बारापैकी एकशे बारा जागेवर आहेत.

किरकोळ बाब : ओळ क्रमांक नऊमध्ये वायसरांच्या बाजूला रबरावर केसाएवढी रेघ दिसते. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत. वरचा थर उन्हाने सुकला असावा. निरीक्षणाखाली ठेवली आहे.

विहारात वर्षावासाचे वाचन सुरू झाले आहे. करुणा रोज जाते. मी रविवारी जातो. बाकीचे दिवस सुसर तपासण्यात जातात. (यंत्र.)

बुधवार, ३० जुलै

काल लिहिणे शक्य झाले नाही. जसे घडले तसे लिहितो.

शुक्रवारनंतर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. शुक्रवार ते मंगळवार हे अंतर तसेही मोठे. काल सकाळी रामप्रसादचे पाय सुजले होते आणि दोन वाक्यांमध्ये त्याला थांबावे लागत होते. दहाची पाळी. आठ वाजता निघालो. काळी जमीन पार झाली, ओढा पार झाला. कातळावर साठ-सत्तर मीटर चढल्यावर एक आवाज झाला. मोठा नव्हता. मी तो आवाज ओळखला, पण कुठे ऐकला आहे हे त्या क्षणी सुचले नाही.

पट्टा फाटून सुसरीच्या मागे लांब पडला होता. शंकरसिंगने ब्रेक दाबून पाट्यांखाली दगड लावले. मी फाट पाहिली. ओळ क्रमांक नऊ. आठही भोकांतून गेलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, कडेला धागाही न सुटलेली. आठही स्टड शाबूत होते, टोके चकचकीत. मग आवाज आठवला. सत्तावीस वर्षे दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला.

मी फाट पट्टीने मोजली : एक्कावन्न सेंटिमीटर.

पाऊस पाहून मागोमाग निघालेली तांड्याची माणसे खालून येताना दिसली. चौघांच्या खांद्यावर बाज होती. मागे पारुबाई, डोक्यावर पोते. माणसांनी बाज खाली ठेवली. मी म्हणालो, “रामप्रसाद, चल. बाजेवर घेऊ. वर जीप आहे. वेळ नको घालवू.”

तो कातळावर बसला होता. त्याने बाजेकडे पाहिलेसुद्धा नाही.

“बाजेवर न्हाई. बाजेवर मी आता एकदाच जाईन, इस्टोरसाहेब, अन् तवा तुमी इचारू नका.” मग थांबला, श्वास घेतला. “तुकडा आणला का, कन्व्हेअरचा?”

“यादीत आहे.”

“मंग एक तास द्या मला. वीस वर्षं कारखान्याचे पट्टे मी सांधले. हा तर लेकराचा करदोडा हाय.”

मी नाही म्हणालो. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. मी शंकरसिंगकडे पाहिले, तो पारुबाईकडे पाहत होता. ती पोराजवळ बसली, त्याच्या पायाची सूज अंगठ्याने दाबून पाहिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दे रे भाऊ त्याला एक तास. मागत हाय तो काही. लई दिवसांनी.”

मी घड्याळ लावले. आठ बावन्न. करुणाला फोन करून सांगितले की हिंगोलीच्या केंद्रात पाळी धरून ठेवायला सांग. ती म्हणाली, “नुसतं सांगत नाही, मी जाते. तिथंच बसते.” आणि ती शिकवते त्या शाळेतून रजा काढून निघाली.

रामप्रसाद बसल्या जागेवरून सांगत होता आणि आम्ही करत होतो. सुसर कुशीवर पाडली. पट्टा तिच्याभोवती परत गुंडाळून फाटलेल्या कडा जुळवल्या. कन्व्हेअरचा तुकडा बाहेरून वर ठेवला. आतल्या चाकाचे दाते ज्यांत अडकतात, अशा दोन खिडक्या त्यात कापून काढल्या. आता भोके. मी खडू काढला, पट्टी ठेवली आणि फाटीच्या बाजूला एक सरळ रेघ मारली.

पारुबाईने माझ्या मनगटावर चापट मारली. चोपन्न वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या माणसाच्या. “पुन्हा लाईन!” तिने खडू घेतला, ओल्या रबरावर डोळा जवळ नेला, आणि बोटांची वीत मोजत ठिपके दिले : एक पुढे, एक मागे, एक पुढे, एक मागे, दोन्ही बाजूंना. कोणताही ठिपका दुसऱ्याच्या रांगेत नव्हता. चोळीवरच्या कशिद्यासारखे दिसत होते. खरे सांगायचे तर तेच होते.

रामप्रसाद हसला. त्या हसण्याने त्याला खोकला आला. “याडी, तू कारखान्यात असतीस तर साहेबाचं भांडार गेलं असतं.”

“मला कोन नेते तिथं? नेलाच असता तर बैल नेला असता.”

ड्रिल शंकरसिंगने फिरवले, बोल्ट मी आवळले. प्रत्येक बोल्टला रामप्रसाद विचारी, “किती आटे?” आणि मी सांगत असे. एकदा मी सात म्हणालो, तो म्हणाला, “साडेसात करा.” केले. आवाज त्याचा क्षीण होत चालला होता, पण आकडा त्याने एकही चुकवला नाही. बाज घेऊन आलेले चौघे त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून उभे होते.

दहा वाजून दोन मिनिटे. सत्तर मिनिटे लागली; त्याने मागितला तो एक तास होता. मी हे बोललो नाही.

सुसर उभी केली. रामप्रसाद मागे बसला. शंकरसिंगने चावी फिरवली आणि ती दगडाला धरून वर गेली. मी मागून चढताना दोनदा घसरलो. वर पोचलो तेव्हा जीप रामप्रसादला घेऊन निघून गेली होती आणि पारुबाई, जी माझ्याही आधी वर पोचली होती, सुसरीचा पट्टा हाताने चाचपून पाहत होती.

केंद्रात पावणेबारा वाजता घेतले. करुणा दोन खुर्च्या अडवून बसली होती, एकीवर तिची पिशवी. कुणी बसायला आले की सांगायची, माणूस येतोय. साडेतीन किलो पाणी काढले, असे तिने संध्याकाळी सांगितले. “किलो की लिटर?” मी विचारले. ती रडत होती, आणि मग मला दिसले की माझाही चष्मा पुसण्याजोगा झाला आहे.

निवड स्टडची योग्य होती. मांडणी माझी होती आणि ती चूक होती. गेटपासची छिद्ररेषा जगाला शिकवणाऱ्या माणसाने ती माणसाच्या जिवाखाली आखावी, याला कोणताही खुलासा नाही. तो मागितला गेला असता तर मी दिलाही नसता.

रविवार, ३ ऑगस्ट

शंकरसिंगने ओळखीच्या माणसाकडून दुसरा जुना पट्टा मिळवला. शंभर भोके पारुबाईच्या खडूने. तिने बसून सगळा पट्टा आखला. मी फक्त मोजले. तिला मोजणे येत नाही असे ती म्हणते, पण शंभर भरले. आज एकाही ओळीला क्रमांक देता आला नाही, कारण ओळच नाही. तपासणीसाठी प्रत्येक स्टडच्या शेजारी रंगाने आकडा लिहिला. एवढे तिने चालू दिले.

“हे कशाला?” तिने विचारले.

“माय, मला झोप लागते त्याने.”

“मंग लिही.”

मंगळवार, ३० सप्टेंबर

पस्तिसावी पाळी झाली. पस्तीसपैकी पस्तीस. झीज : ०.३ मिलिमीटर. नवा पट्टा : कुठेही रेघ नाही. सायंकाळी चार महिन्यांचा गोषवारा तयार केला आणि त्यात एक विसंगती आढळली. ती दडवणे योग्य होणार नाही.

रामप्रसादची शेवटची गैरहजेरी २ मे रोजीची. यंत्र ४ मे रोजी आले. पाऊस १० जूनला लागला. म्हणजे ६ मे ते ६ जून या दहा पाळ्या त्याने कोरड्या रस्त्याने, यंत्राशिवाय, स्टडशिवाय, एकही न चुकवता केल्या. एप्रिलमध्ये तोच रस्ता कोरडा असताना त्याच्याकडे तीन कारणे होती. ही उपस्थिती स्टडच्या नावावर दाखवता येत नाही. मी बराच वेळ विचार केला. कारणाचा रकाना कोरा ठेवला आहे.

करुणाला दाखवले. तिने वाचले आणि म्हणाली, “राहू द्या कोराच. वाचता येतो.”

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

रस्ता वाळला आहे. सुसर तांड्यावरच्या लिंबाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली; ताडपत्रीच्या गाठी रामप्रसादने स्वतः मारल्या. आज तो साध्या मोटारसायकलवर शंकरसिंगच्या मागे बसून डांबरीपर्यंत आला. मी तिथे उभा होतो. जीप यायला वेळ होता.

“इस्टोरसाहेब, मे महिन्यात तुमचं एक पुस्तक माझ्याकडं राहिलं होतं बघा.” त्याने सदऱ्याच्या खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. गेटपास होता. फिटरच्या मोठ्या, ठळक अक्षरात भरलेला.

मालाचे वर्णन : रामप्रसाद. नग : एक. पाठविण्याचे ठिकाण : हिंगोली. प्रकार : ‘परत येणारा’, दोनदा गिरवून खूण केलेली.

“मालाला लागते म्हणले होते ना तुमी,” तो म्हणाला.

जीप आली. उत्तमरावांनी हॉर्न वाजवला. तो चढला आणि गेला.

पास समोर ठेवून लिहीत आहे. तारीख घालायची त्याने सोडली होती. ती मी घातली. भांडारपालाच्या सहीची जागा होती. तिथे सही केली. पास छिद्ररेषेवर फाडलेला नाही. रेघ सोडून, वाकडातिकडा, कुठे पुढे कुठे मागे फाडला आहे. नियमानुसार असा पास फाटकावरून परत पाठवावा लागतो.

परत पाठवलेला नाही.